मैहरचा वाद्यवृंद आणि जुन्या वाद्यांचा प्रश्न

वाद्यवृंद हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे गणेशोत्सवाचा मांडव, चित्रपटगीतांची यादी आणि दोन गीतांच्या मध्ये कोट्या करणारा निवेदक एवढेच चित्र उभे राहते. रागसंगीत हे एकट्याने गावयाचे किंवा वाजवावयाचे, वृंदाचा त्याच्याशी संबंध काय, अशी आपली समजूत असते. मीही ह्याच समजुतीत वाढलो. झाशीला बदली होऊन आल्यावर मैहरच्या वाद्यवृंदाचे नाव प्रथम ऐकले, तेव्हा माझ्या मनात कुतूहलापेक्षा शंकाच अधिक होती. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचे घराणे पाचसहा पिढ्या झाशीतच नांदत आहे. माझा बेत ऐकून ते म्हणाले, "अहो, बंदुकीच्या नळ्या ठोकतात ते लोक! त्याकरिता एवढ्या लांब जाता?" तरीही गेलो. परत आलो तो एक प्रश्न बरोबर घेऊन. त्या प्रश्नाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्न असा : जुने संगीत जुन्या वाद्यांवर वाजविल्याने जुने राहते काय? आणि राहत असेल, तर त्यातले नेमके काय राहते?

मैहर हे झाशीहून मानिकपूर-सतना मार्गे गाठावयाचे एक लहानसे गाव. शारदादेवीच्या टेकडीमुळे ते यात्रेकरूंना ठाऊक आहे. २०२३ पासून ते जिल्ह्याचे ठिकाणही झाले आहे. संगीताच्या जगात मात्र त्याची ओळख उस्ताद अल्लाउद्दीन खाँ ह्यांचे गाव म्हणून. मैहरचे महाराज ब्रिजनाथसिंह ह्यांच्या आश्रयाला ते येथे आले आणि १९७२ साली त्यांचे निधन होईपर्यंत मैहर हेच त्यांचे घर राहिले. १९१८ च्या साथीत पोरकी झालेली मुले गोळा करून त्यांनी हा वाद्यवृंद उभा केला. ही मुले कोणत्याही गवई घराण्यातील नव्हती. अशा मुलांच्या हाती सतार, व्हायोलिन, सेलो, इसराज, हार्मोनियम आणि तबला देऊन त्यांच्याकडून रागदारीच्या रचना वाजवून घेणे हे त्या काळी किती धाडसाचे होते, ह्याची कल्पना आज येणे कठीण आहे.

हे धाडस करण्याची तयारी खाँसाहेबांच्या पूर्वायुष्यात झालेली होती. तरुणपणी ते कलकत्त्याच्या नाटकगृहांतून वादक म्हणून वावरले. तेथे हाबू दत्त ह्यांच्याकडे त्यांनी अनेक वाद्ये हाताळली. लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले. आणि पुढे रामपूरचे बीनकार वझीर खाँ ह्यांच्याकडे धृपद-अंगाची कठोर तालीम घेतली. नाटकगृहातील वृंद, गोमंतकीय बँडमास्तरांचे व्हायोलिन आणि रामपूरची बीन ह्या तीन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या, त्यांतून मैहरचा वृंद निघाला. त्याला केवळ राजाच्या हौसेची करामत समजणारे हा इतिहास विसरतात.

आता ह्याच वर्षातील दुसरी एक घटना आठवावी. झाशीच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरांवर ग्वाल्हेर आहे. तेथे १९१८ च्या जानेवारीत पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी महाराज माधवराव शिंदे ह्यांच्या साहाय्याने माधव संगीत महाविद्यालय स्थापन केले. मुंबईच्या ह्या वकिलाने गावोगावच्या उस्तादांकडून चिजा मिळवून त्या स्वरलेखनात उतरविल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांतून छापल्या. ही मालिका मूळ मराठीत आहे, हे येथील हिंदी भाषांतरावर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांना माहीत असते. संगीत व्यक्तीबरोबर मरू नये, ते कागदावर टिकावे, ही भातखंड्यांची तळमळ होती. एकाच वर्षी ग्वाल्हेरला संगीत कागदावर उतरविण्याची शाळा निघाली आणि मैहरला ते पोरक्या मुलांच्या हातांत उतरविण्याची. झाशी दोहोंच्या मध्ये आहे. येथे बसून विचार करणाऱ्याला ह्या दोन मार्गांची तुलना टाळता येत नाही.

ह्या तुलनेला युरोपातील एका चळवळीने चांगला प्रकाश मिळतो. बाखने आपले ब्रांडेनबुर्ग येथील सरदाराला अर्पण केलेले सहा कन्चेर्टो १७२१ साली लिहून पुरे केले. पुढे दोनशे वर्षांत ते ज्या वाद्यांसाठी लिहिले होते ती वाद्येच बदलून गेली. व्हायोलिनची तातेची तार जाऊन पोलादी तार आली, गजाचा बाक उलटा झाला, कर्ण्यांना झडपा बसल्या आणि स्वराची पट्टी चढत गेली. कागद तेवढा जसाच्या तसा राहिला. मग आर्नोल्ड डोल्मेच ह्यांनी इंग्लंडात जुनी वाद्ये दुरुस्त करून व नवी घडवून त्या कागदाला त्याचा आवाज परत देण्याचा उद्योग आरंभिला. १९५३ साली निकोलाउस हार्नोनकूर ह्यांनी व्हिएन्नात 'कॉन्सेंटुस मुझिकुस' हा लहान वृंद स्थापन करून तोच उद्योग पुढे नेला. आज असे वृंद मध्य 'ए' हा स्वर बहुधा सेकंदाला ४१५ कंपनांवर लावतात; नेहमीच्या वृंदांत तो ४४० वर असतो. तातेच्या तारा आणि हलके गज ह्यांमुळे बाखच्या रचनांतील सुरांची गुंफण पुन्हा सुटी-सुटी ऐकू येऊ लागली, ह्याबद्दल जाणकारांत आता फारसा मतभेद नाही.

परंतु ह्या यशात एक पोकळी राहिलीच. गज नेमका किती दाबावयाचा, कोणता सूर किंचित रेंगाळवावयाचा, हे सांगणारा हात अठराव्या शतकातच थांबला होता. त्या काळच्या ग्रंथांतून त्याविषयी जे लिहिले आहे त्यावरून अनुमान करावे लागते. विद्वान वादक अनुमान करतात आणि ते बहुधा सुंदरही असते. पण ते अनुमानच. युरोपाजवळ कागद होता, वाद्य त्याने पुन्हा घडविले; हाताची साखळी मात्र तुटलेलीच राहिली.

मैहरची गोष्ट ह्याच्या उलट आहे. वाजविणाऱ्यांपुढे स्वरलेखनाचे कागद नसतात. रचना त्यांना पाठ असतात. त्या कोणीतरी कोणाला तरी शेजारी बसवून शिकविल्या आणि त्या कोणीतरीचा गुरू किंवा त्या गुरूचा गुरू खाँसाहेबांसमोर बसलेला होता. पहिल्या मुलांपैकी आता कोणी उरलेले नाही. पण साखळी चालू आहे. येथे हात आहे, कागद नाही.

आणि वाद्य? येथेच त्या नळ्यांकडे वळले पाहिजे. नलतरंग हे वाद्य खाँसाहेबांनी बंदुकीच्या नळ्या निरनिराळ्या लांबीच्या कापून तयार केले. नळ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि वादक त्या काठ्यांनी वाजवितो. झाशीच्या माणसाला ह्यात काही निराळेच वाटल्याशिवाय राहात नाही. आमच्या किल्ल्यात 'कडक बिजली' आणि 'भवानीशंकर' ह्या तोफा आजही दाखविल्या जातात. लोक त्यांच्यापाशी उभे राहून छायाचित्रे काढतात आणि पुढे जातात. लोखंडाच्या नळीचे संगीतही होऊ शकते, ही गोष्ट त्या तोफांपाशी उभे राहून सुचणारी नव्हे.

परंतु नलतरंगाचे महत्त्व ह्या चमत्कृतीत नाही. ते समजण्यासाठी थोडे पदार्थविज्ञान आठवावे. तार अर्ध्यावर दाबली की वरचा षड्ज मिळतो, हे आपण शाळेत शिकलो. आडव्या ठेवून ठोकलेल्या नळीचा नियम निराळा आहे. तिचा स्वर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात चढतो. त्यामुळे सारख्याच जाडीची नळी असेल तर वरच्या षड्जासाठी ती मूळ लांबीच्या सुमारे एकाहत्तर शतांश ठेवावी लागते. म्हणजे कापण्यात केसभर चूक झाली तरी स्वर सरकतो. थोडी आणखी कापली तर तो चढतो, पण कापलेले लोखंड परत जोडता येत नाही. सतारीची खुंटी दररोज पिळता येते, तबला दर बैठकीला हातोडीने लावता येतो, व्हायोलिनच्या तारा वर्षातून अनेकदा बदलतात. नळी एकदा कापली की तिचा स्वर ठरला. ती कापताना ज्या कानाने "आता पुरे" म्हटले, तो कान त्या लोखंडात कायमचा नोंदला गेला.

ह्या अर्थाने, मैहरच्या सर्व वाद्यांत काळाची खरी साक्ष देणारे वाद्य नलतरंग हेच आहे. इतर वाद्ये जुनी असली तरी त्यांचा स्वर आजच्या वादकाने आज लावलेला असतो.

आता वृंदाच्या संगीताविषयी. ऐकताना प्रथम लक्षात येते ती कामाची वाटणी. नलतरंगातून मींड निघत नाही, हार्मोनियममधूनही नाही. रागाचा जो भाग दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर असतो तो इसराज आणि व्हायोलिन ह्यांच्याकडे सोपविलेला आहे, आणि जो भाग स्वरावर ठामपणे पाऊल टाकण्याचा आहे तो नळ्यांकडे. खालून सेलो जमीन धरून ठेवतो. द्रुत गतीत नलतरंगाचे टोले पावसाच्या सरीसारखे पडू लागतात तेव्हा गजाची वाद्ये मागे सरून लांब सूर धरतात. पुन्हा सर्व मिळून गतीच्या मुखड्यावर येतात. ही वाटणी करणाऱ्याला प्रत्येक वाद्याची मर्यादा पुरती ठाऊक होती, आणि ती मर्यादा त्याने झाकून न ठेवता रचनेचे साधन बनविली, हे ऐकणाऱ्याला पटते. ज्यांच्या गुरूने अनेक वाद्ये स्वतः वाजविली होती अशाच वृंदात हे साधते.

मात्र टीकाकाराने येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी की, ह्या रचना आटोपशीर आहेत आणि त्यांना आलापीचे अंगण नाही. एकट्या बीनकाराच्या हाती राग हळूहळू उलगडतो. वृंदात तो घडविलेला असाच समोर येतो. ही उणीव वादकांची नव्हे, ती वृंद ह्या प्रकाराचीच आहे. पुष्कळ माणसांनी एकाच वेळी एकच विचार सुचून वाजवावे, हे शक्य नसते. म्हणून रागसंगीताचे सर्वस्व ह्यात शोधणारा निराश होईल. त्याने येथे बंदिशीचे सौंदर्य शोधावे. ते भरपूर आहे.

दुसरी गोष्ट सुरांच्या मेळाची. हार्मोनियमचे स्वर ठरीव अंतरांवर बसविलेले असतात, तर गजाच्या वाद्यावर कोमल गंधार रागानुसार किंचित वरखाली घेता येतो. दोन्ही एकत्र वाजली की एकाने दुसऱ्यासाठी आपला आग्रह सोडावा लागतो. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियम बंद केली आणि तो निर्बंध सुमारे तीस वर्षे टिकला, त्यामागे हेच भांडण होते. मैहरला मात्र ती वृंदात बसलेलीच राहिली. शुद्धतेच्या दृष्टीने ही तडजोड आहेच. परंतु ही तडजोड काढून टाकून, हार्मोनियमच्या जागी दुसरे काही बसवून वृंद "शुद्ध" करू पाहणारा माणूस १९१८ चा वृंद मोडून स्वतःचा नवा वृंद करील. जुन्या वाद्यांवर जुने संगीत ऐकावयाचे असेल तर जुन्या तडजोडीही ऐकल्या पाहिजेत.

खाँसाहेबांचे शिष्य जगभर गाजले. रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी ही नावे उच्चारली की मैहर घराण्याचे वर्णन पूर्ण झाले असे आपण मानतो. १९५२ साली दिल्लीला आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला तो रविशंकरांच्याच दिग्दर्शनाखाली. त्याचे मूळ मैहरात आहे हे मात्र बहुधा सांगितले जात नाही. घराण्याच्या इतिहासात गावातल्या वृंदाला तळटीपेचे स्थान मिळते. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. प्रतिभावंत शिष्य गुरूच्या विद्येत आपली भर घालतो, आणि त्याने ती घालावी अशीच आपली अपेक्षा असते. ज्यांना एकट्याने कीर्ती मिळवावयाची नव्हती अशा साध्या मुलांनी मात्र मिळाले ते, मिळाले तसे, पुढच्याच्या हाती दिले. खाँसाहेबांच्या रचना त्यांनी बांधल्या त्या आकारात ऐकावयाच्या असतील तर ह्या वृंदाकडेच यावे लागते.

संस्थान गेल्यावर हा वृंद मध्य प्रदेश शासनाच्या आश्रयाखाली आला. आपण सर्व सरकारी चाकरीतील माणसे. म्हणून ह्यापुढचा मुद्दा आपणांस निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. आपली बदली होते तेव्हा आपण कार्यभार सोपवितो. किल्ल्या, नोंदवह्या, प्रलंबित प्रकरणांची यादी. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही. यादीत सर्व काही असते. तरीही पहिले दोन महिने नव्या माणसाला काही सुचत नाही, कारण कोणते प्रकरण कोणत्या जुन्या पत्रापासून वाचावयास घ्यावे हे यादीत नसते. ते जुन्या माणसाला विचारावे लागते, आणि तो तोवर दुसऱ्या गावी हजर झालेला असतो. एका मंजूर पदावर एका वेळी दोन माणसे बसू शकत नाहीत, हा आस्थापनेचा साधा नियम आहे. हिशेबाच्या दृष्टीने तो योग्यच आहे.

पण कला ज्या रीतीने पुढे जाते तिला नेमकी हीच गोष्ट लागते : एका जागेवर दोन माणसे. जाणारा अजून वाजवीत आहे आणि येणारा त्याच्या शेजारी बसून ऐकत आहे, अशी काही वर्षे. ही वर्षे कोणत्याही वृंदाच्या अंदाजपत्रकात दिसणे कठीण, कारण त्या काळात दोघांचा पगार द्यावा लागतो आणि काम एकाचेच दिसते. नलतरंग काचेच्या कपाटात ठेवले तर त्याचा स्वर बिघडणार नाही. रचना भातखंड्यांच्या पद्धतीने लिहून घ्याव्यात, ध्वनिमुद्रित कराव्यात. हे तर अवश्य केले पाहिजे, कारण हात कधीतरी दगा देतो आणि मग कागदच उरतो. परंतु भातखंड्यांच्या लेखनात कणस्वराला चिन्ह आहे, मींडीलाही आहे. ती मींड किती सावकाश घ्यावयाची ह्याला चिन्ह नाही. ते शेजारी बसूनच कळते. ग्वाल्हेर आणि मैहर ह्यांपैकी एकाची निवड करावयाची नाही. पण शासनाला कागद जतन करणे सोपे जाते आणि शेजारी बसविणे अवघड जाते, म्हणून आग्रह दुसऱ्याचा धरला पाहिजे.

मैहरहून परतल्यावर हा विचार मी इतका का करीत बसलो, ह्याचे कारण घरातच आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिचा जन्म एका बदलीच्या गावी झाला, शाळा दुसऱ्या. माझ्या वडिलांची मराठी पुस्तके दोन पेट्यांतून आम्ही प्रत्येक बदलीत बरोबर नेतो. वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालतो. मुलगी ती वाचतेही. परंतु ती 'शाळा' हा शब्द 'शाला' असा वाचते आणि 'बाळ' 'बाल' असे. पुस्तकात अक्षर अगदी स्पष्ट छापलेले आहे. मी चूक दाखविली की ती एकवार बरोबर म्हणते आणि पुढच्या ओळीत पुन्हा विसरते. आम्ही दोघे दिवसभर कचेरीत, ती दिवसभर हिंदी शाळेत आणि हिंदी अंगणात. तिच्या कानावर हा वर्ण पडणार केव्हा?

थंडीत माझी आई साताऱ्याहून दोन महिने येते. दुपारी ती आणि नात एकाच चटईवर बसून तांदूळ निवडतात. आई काही शिकवीत नाही. नुसती बोलत असते. तिसऱ्या आठवड्यात, कोणी न सांगता, मुलगी 'शाळा' म्हणू लागते. मार्चमध्ये आई परत जाते आणि मेपर्यंत तो वर्ण पुन्हा पातळ होतो. पुस्तके पेटीत सुरक्षितच असतात.

शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी मैहरची हकीकत सांगितली. नळ्यांचे ऐकून ते हसले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी एवढेच विचारले, "तो नळ्या वाजविणारा, त्याच्या शेजारी कोणी पोर बसलेलं होतं का हो?"

मी त्या वेळी तिकडे पाहिले नव्हते. पुढच्या खेपेस गेलो की प्रथम तेच पाहीन, आणि मुलीला बरोबर नेईन.